हात बाहेर?

"हात बाहेर?"

फासा टाकण्याआधी भाऊ असं विचारायचे. फासा दोन्ही तळव्यांत धरून टेबलावरून एकदा नजर फिरवायचे आणि विचारायचे. मग आम्ही प्रत्येकाने आपापले हात टेबलावरून उचलून "बाहेर" म्हणायचं. एक जरी गप्प राहिला, तरी फासा पडायचा नाही. रोहिणीच्या तोंडात चहाचा घोट असेल, तर तो गिळून होईपर्यंत भाऊ थांबायचे.

ज्यांना आमचा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाभोवती बसून एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी तलवारबाज. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. चाळिशी गाठलेली माणसं रविवारच्या दुपारी चिंचवडच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बसून राक्षस मारतात, हे बायकोच्या गळी उतरवायला मला वर्ष लागलं. गोष्ट सांगायचं काम माझं. खेळायला बँकेतली रोहिणी आणि आयटीतला निखिल. भाऊंना मी आणलं.

ते माझ्याच कंपनीतले, चाकणचे. मी प्लॅनिंगला, ते पूर्वी प्रेस शॉपला आणि नंतर स्टोअरला. मूळचे परभणीकडचे, दिघीत एका खोलीत एकटे राहायचे. वयाने आमच्यापेक्षा मोठे, म्हणून सगळे भाऊच म्हणायचो. इथेही तेवढंच पुरे. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. मी बसायला लागलो आणि एक दिवस सहज म्हणालो, रविवारी या आमच्याकडे, जरा बरं वाटेल. परोपकाराची हौस मला पहिल्यापासून आहे, निभवायची ताकद मात्र कमी.

"कोण व्हायचंय तुम्हाला?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"यात राखण करणारा असतो का कुणी?"

"असतो की. ढाल असते त्याच्याकडे."

"मग ते द्या. मारामारी आपल्याला जमत नसती."

सुरुवातीला आम्हाला गंमत वाटायची. गुहेत खजिन्याची पेटी सापडली आणि निखिलचा मांत्रिक तिच्यात हात घालायला निघाला, तर भाऊ मध्ये ढाल घेऊन उभे. "थांबा की! आधी लाइन बंद करा."

"भाऊ, पेटीला लाइन नसते. जादूची पेटी आहे."

"मग उघडायली कशानं?"

यावर अर्धा तास गेला. शेवटी पेटी उघडायच्या आधी मला पहारेकऱ्यांची जेवणाची सुट्टी करून लाइन बंद झाल्याचं जाहीर करावं लागलं. रोहिणी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होती.

पण तुम्हीही कुठल्या ना कुठल्या मंडळात, भिशीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये असा माणूस पाहिला असेल. पहिल्या महिन्यात जे हसू येतं, त्याच्यावर चौथ्या महिन्यात दात-ओठ खावेसे वाटतात. भाऊ कुणाला पुढे जाऊच द्यायचे नाहीत. दुसऱ्यांच्या पाळीला नको म्हणायचे, फासा वाईट पडला की भांडायचे. दुपारभर खेळून आमची टोळी एक जिना उतरायची. एकदा भाऊंच्या हातात फासा असताना निखिलने समोशासाठी हात पुढे केला. भाऊंनी त्याचं मनगट असं पकडून मागे ओढलं की रोहिणीचा चहा नकाशावर सांडला आणि निखिलच्या हातावर बोटं उमटली.

"राव, आता एक तर ते, नाही तर मी," निखिल मला पार्किंगमध्ये म्हणाला. चूक त्याची नव्हती.

भाऊ असं का वागतात, ते मला एकट्याला ठाऊक होतं.

भाऊ पूर्वी ज्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर होते, तिथे दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. दोघांनीही दोन्ही हातांनी आपापली बटणं दाबली तरच ते धूड खाली येतं, म्हणजे कुणाचा हात आत राहायलाच नको. भाऊंच्या जोडीदाराच्या बाजूची बटणं बिघडली, तेव्हा काम अडू नये म्हणून कुणीतरी ती बायपास करून, न दाबताही यंत्र चालेल अशी करून ठेवली. आता यंत्र एकट्या भाऊंच्या हातावर चालायला लागलं. तेव्हा दोघांनी आपसात रिवाज पाडला. भाऊंनी विचारायचं, जोडीदाराने सांगायचं, मगच बटण. आठ महिने तो चालला. एका सकाळी माल पाठवायची घाई होती आणि भाऊंनी विचारलं नाही. जोडीदाराचा उजवा हात मनगटापासून गेला.

हे त्यांनी बसमध्ये मला एकदाच सांगितलं, खिडकीबाहेर बघत. मग म्हणाले, "सायेब, रविवारच्या तिथं कुणाला सांगू नका. तिथं मला ढालवालाच ऱ्हाऊ द्या."

मी सांगितलं नाही. या गुपिताच्या आड मी माझा भित्रेपणाही झाकून घेतला. भाऊंना समोर बसवून, "असं मनगट धरू नका, लोकांना त्रास होतो," एवढं बोलायची हिंमत मला झाली नाही. आमच्यासारख्या खेळवेड्यांचा एक रोग असतो: तोंडाने सांगायची गोष्ट आम्ही खेळात घालून सांगतो. मी ठरवलं, भाऊंच्या राखणदाराला वीरमरण द्यायचं. पात्र संपलं की म्हणायचं, आता थोडे दिवस विश्रांती घ्या. कुणी दुखावणार नाही. निखिलने आणखी एक भर घातली. त्या दिवशी "हात बाहेर?" विचारलं, तर कुणी उत्तर द्यायचं नाही. कंटाळून सवय सुटेल.

मी एक खोली रचली. तिचं दगडी छप्पर हळूहळू खाली येतं, रोहिणीच्या चोराचा हात भिंतीतल्या खोबणीत अडकतो आणि राखणदाराला ढालीवर छप्पर पेलावं लागतं. हे लिहिताना मला प्रेस आठवला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आठवला असणार.

"टाका फासा, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही तळव्यांत फासा धरला. "हात बाहेर?"

निखिलने मोबाइल काढला. रोहिणीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"मी इचारायलोय, हात बाहेर?"

खाली पोरांचं क्रिकेट चालू होतं, तेवढाच आवाज. भाऊंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे वळले. "सायेब, तुमी तरी सांगा की."

तेव्हाही बोलता आलं असतं. मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, "वेळ संपला, भाऊ. छप्पर खाली आलं."

"ताईचा हात?"

"गेला."

त्यांनी फासा टेबलाच्या मधोमध ठेवला, टाकला नाही. चपला घालताना ते कुणाशी तरी बोलावं तसं हळूच म्हणाले, "या बारीला इचारलं होतं मी."

रोहिणी त्याच दिवशी माझ्यावर भडकली, कारण तिने सरळ विचारलं आणि मला सगळं सांगावं लागलं. सोमवारी भाऊ कंपनीच्या बसमध्ये नव्हते. मंगळवारी फोन बंद. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो आणि तिसऱ्या रविवारी दिघीला पोचलो.

घरमालकीण म्हातारी, तिथल्याच जुन्या घरातली, ओसरीवर लसूण सोलत बसली होती.

"कंपनीतलं का तुमी? लई उशीर केला. गेला त्यो. कुटं ते काय बोलला न्हाई. भांडीकुंडी, गादी, समदं हितंच हाय. बघा जावा."

खोली उघडीच होती. दोरीवर कंपनीचा निळा शर्ट वाळून कडक झालेला. मी तसाच बाहेर आलो.

"मानूस गुनी," म्हातारी म्हणाली. "येकच खोड. दार लावताना हितनंच इचारायचा, हात बाहेर? मी हितं बसल्याली. मी म्हनायची, बाहेर हायेत रं बाबा. मंग दार वडायचा."

"रोज?"

"रोज. बोलायला आपलं काय जातंय?" तिने लसणाची साल फुंकून उडवली. "शेवटाला मातुर इचारायचाच बंद झाला. दार सताड उघडं टाकून जायाचा. मीच वरडायची, आरं दार!"

मला तिथे उभं राहवेना. मी निघतो म्हणालो.

"जाताना तेवढं दार वडून घ्या."

मी दाराची कडी धरली. मागून आवाज आला.

"हात बाहेर?"

ती थट्टा करत नव्हती. तिला सवय झाली होती. सोललेली पाकळी हातात धरून ती माझ्याकडे बघत थांबली होती, उत्तर येईपर्यंत.

"बाहेर," मी म्हणालो. त्या दिवशीही एवढंच म्हणायचं होतं.