भिंतीला टेकलेली पोती

चिखलीत आमच्या गोठ्याच्या तिन्ही बाजूंना आता वर्कशॉप आहेत, पण म्हशी आम्ही विकल्या नाहीत. सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून गोठा मीच बघते.

एका पावसाळ्यात आमची सगळ्यात दुभती म्हैस आंबोण हुंगून तोंड फिरवू लागली. शेण पातळ झालं, दूध निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि विचारलं, "खुराक कुठे ठेवता?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. मक्याच्या भरड्याची पोती जमिनीवरच, भिंतीला टेकून रचलेली. भिंतीकडचं पोतं उसवलं, तर आतला भरडा कोमट लागला. ढेकळं झाली होती आणि त्यांवर हिरवट बुरशी.

"हे आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

सासरे दारात उभे होते. "उन्हात पसरू की. वाळंल."

"भरडा वाळेल, आजोबा. पण बुरशीनं सोडलेलं विष उन्हानं जात नाही. ते दुधातही उतरतं."

डॉक्टर गेल्यावर सासरे म्हणाले, "मग भाकड म्हशीला घालू. एवढं टाकून द्यायचं व्हय?"

"मामा, ती गाभण आहे. मी हे कुठल्याच जनावराला घालणार नाही."

ते तणतणत आत गेले. मी आणि नवऱ्यानं मागे खड्डा खणून सगळा भरडा पुरला. काही दिवस रतीबही बंद ठेवला. शेजारच्या सोसायटीत दारोदार जाऊन कारण सांगितलं. दोन घरांनी रतीब तोडला, बाकीची आमच्यासाठी थांबली.

वर्कशॉपवाल्याकडे मशिनच्या खोक्यांखालच्या लाकडी पॅलेट पडून होत्या. त्या मागून आणल्या, खोलीत भिंतीपासून हातभर लांब मांडल्या, वरचा गळका पत्रा बदलला. साठा थोडाच आणायचा आणि जुनं पोतं आधी संपवायचं, असं ठरवलं. म्हैस हळूहळू खायला लागली.

खुराकवाला नवा माल घेऊन आला तेव्हा मी पोत्याची शिवण उसवून कोपरापर्यंत हात घातला. आत दमट होतं, कुबट वासही आला.

"हे परत न्या."

"ताई, फ्रेश माल आहे. पावसात वरून जरा भिजला असेल."

"वरून कोरडं आहे. आतून ओलं आहे."

त्यानं आधारासाठी सासऱ्यांकडे पाहिलं. ते बाजेवरून उठले, मूठभर भरडा नाकाशी नेला आणि खाली टाकला.

"न्हाई चालायचं," ते म्हणाले. "दुसरा घिऊन ये. आमी थांबतो."