नावेच्या तळाला दोन ठोके

"इंजिन बंद करा की, भाऊजी. या धडधडीत कुठला देवमासा वर येणार?"

वहिनी बोलली आणि नाववाल्याचा हात चावीवर थिजला. दादा गेल्यापासून सात वर्षांत ती पहिल्यांदाच नावेत बसली होती. बाकी सहा गिऱ्हाइकं, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली.

हंगामात देवमासे याच वाटेनं खाली दक्षिणेकडं उतरतात. बाकीचे नाववाले इंजिन बंद करून गप बसतात, मग मासे जवळ येतात. हा बंद करत नाही. धक्क्यावर त्याचं नावच धडधड्या पडलंय. विचारलं की म्हणतो, बायको घोरते, सवय झालीय कानांना.

खरं त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. सात वर्षांपूर्वी त्या दिवशी नावेखालच्या पंख्यात जाळं गुंतलं आणि दादा सुरी घेऊन खाली उतरला. दोघा भावांची रीत ठरलेली. काम झालं की खालच्यानं बाजूला होऊन तळाला दोन ठोके द्यायचे, वरच्यानं मग इंजिन चालू करायचं. दोन ठोके पडले. यानं चावी फिरवली. लगेच नावेशेजारी देवमाशाची काळी पाठ वर आली आणि याच्या ध्यानात आलं, ठोके कुणाचे ते. दादा अजून पंख्यापाशीच होता. प्रेतही मिळालं नाही. घरी सांगितलं, पाण्याच्या ओढीनं नेला.

आता वहिनीपुढं नाही म्हणवेना. त्यानं इंजिन बंद केलं.

पाणी फळ्यांना चाटत राहिलं. बराच वेळ. मग खालून एक ठोका आला. दमानं दुसरा.

गिऱ्हाइकं हरखून एका अंगाला वाकली. पण ना पाठ, ना फवारा. समुद्र तेलासारखा सपाट.

"असंच वाजवायचे का हो ते?" वहिनीनं हळूच विचारलं.

"असंच. पण त्या दिवशी दादानं नव्हतं वाजवलं, वहिनी. मासा धडकला होता. मी इंजिन चालू केलं."

वहिनी रडली नाही. म्हणाली, "आता कोण वाजवतंय ते बघितल्याबिगर चावीला हात लावू नका."

तो ओणवा होऊन बघून आला. खाली नुसतं हिरवं पाणी. त्यानं चावी काढून तिच्या हातात दिली, गिऱ्हाइकांना दोन्ही अंगांना सारखं बसवलं आणि वल्ही पाण्यात टाकली. धक्का दीड तासावर होता.