स्क्रीनवर नाव होतं ‘सर’

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येतो तो शाळेच्या संगणक खोलीचा दरवाजा. बाहेरून कडी, कडीला कुलूप आणि किल्ली गावातल्या एका तरण्याबांड गड्याच्या मुठीत. आत त्याच शाळेचे शिक्षक, बाहेर निम्मं गाव.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. सेनगाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव, एवढं पुरे. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत बसलो होतो, तेवढ्यात त्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

“साहेब, ताबडतोब निघा. सरला खोलीत कोंडलंय लोकायनं. पोरीला घाण मेसेज करून राहिला म्हणतेत. मी दारात उभा हाय, पर माझं किती येळ ऐकतील?”

हा पाटील उगाच घाबरणाऱ्यातला नव्हता. जीप काढली, होते तेवढे कर्मचारी आणि एक महिला अंमलदार सोबत घेतली आणि निघालो.

शाळेच्या पटांगणात गलका चालू होता. “बाहेर काढा, बगू त्याला!” वगैरे. माझा अनुभव असा, की जमावात ओरडणाऱ्यांकडे फार लक्ष द्यायचं नसतं. ज्याचं खरंच काही गेलेलं असतं तो माणूस बहुतेक वेळा गप्प असतो. तसा एक जण कडुलिंबाखाली उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काच तडकलेला मोबाईल. मेंढ्या-बकऱ्या राखून आणि थोडीफार शेती करून पोट भरणारा माणूस. नववीतल्या त्या मुलीचा बाप.

“तुमच्या पोरीला आलेत का मेसेज?” मी विचारलं.

“व्हय साहेब. मला वाचता येत न्हाई फारसं. पुतण्यानं वाचून दाखवलं.” त्यानं मोबाईल पुढे केला. “मेंढ्या इकून घेतला हा फोन. शाळा फोनवर भरून राहिली म्हनले तवा. आता शाळा बंद केली तिची. आजपासून.”

मी वाचलं. वर नाव होतं ‘सर’. पहिला मेसेज अगदी साधा, ओळखपत्रासाठी फोटो पाठव. मुलीनं गणवेशातला, दोन वेण्यांचा फोटो पाठवला होता. मग, हा नीट नाही, घरात कुणी नसताना दुसरा काढ. त्यापुढची मागणी मी इथे लिहीत नाही, मलाही लेकी आहेत. मुलीनं दुसरा फोटो पाठवला नाही, उत्तरही दिलं नाही. मग धमक्या सुरू झाल्या. कुणाला सांगितलंस तर नापास करीन, तुझा फोटो बिघडवून सगळ्या ग्रुपवर टाकीन. मुलगी पोट दुखतंय म्हणून शाळेला जायची बंद झाली होती. आई तिला ओवा देत होती बिचारी!

किल्लीवाल्या गड्यापुढे मी हात धरला. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा मागच्या लोकांकडे बघितलं आणि किल्ली दिली. आत भिंतीवर मोठा टीव्ही, टेबलावर मुलांचे टॅब नीट रचलेले, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलेले सर. खिसा फाटला होता. म्हणाले, “साहेब, मी नाही.” मी म्हटलं, “इथं एक शब्द बोलू नका. गाडीत बसा.”

ती अटक नव्हती. त्यांना तिथे ठेवलं असतं तर संध्याकाळी मला वेगळाच गुन्हा दाखल करावा लागला असता. बापालाही तक्रारीसाठी सोबत घेतलं. मुलीचा जबाब महिला अंमलदारानं साध्या वेशात, तिच्या घरीच घेतला. पोक्सोमध्ये तसंच करायचं असतं, आणि कायद्यात नसतं तरी मी तसंच केलं असतं.

ठाण्यात सरांना समोर बसवलं.

“हा नंबर तुमचा?”

“होता साहेब. आता नाही.”

सगळी हकिकत त्यांनी सांगितली. टाळेबंदीत शाळा बंद झाली तेव्हा हेच सर मोटारसायकलवर घरोघर हिंडले. ज्याच्याकडे मोबाईल होता त्याला ग्रुपमध्ये घेतलं, वापरायचा कसा ते शिकवलं. लोकांना नंबर साठवता येईना, म्हणून प्रत्येक फोनमध्ये स्वतःच्या हातानं आपला नंबर घातला आणि नाव लिहिलं ‘सर’. पुढे गावात त्या कंपनीची रेंज मिळेना. त्यांनी दुसरं सिम घेतलं, ग्रुपवर नवा नंबर टाकला, जुन्याचा रिचार्ज बंद केला. झालं, विषय संपला असं त्यांना वाटलं.

“मग गावात का नाही सांगितलं हे?”

“सांगितलं की साहेब! ‘फोनला दोन सिम ऱ्हातेत, आमाला येडं समजता का’ म्हणाले.”

गावाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन सिम असतात. रडवेला चेहरा म्हणजे निर्दोष असंही नसतं, रडणारे गुन्हेगार मी पायलीचे पन्नास पाहिलेत. सरांचा मोबाईल पंचनामा करून लाखबंद पाकिटात घातला. जुना नंबर सध्या कुणाच्या नावावर आहे, याची विचारणा जिल्ह्याच्या सायबर विभागामार्फत कंपनीकडे पाठवली. बापाचा मोबाईल पंचांसमोर घ्यायचा होता, तो टेबलावर होता. दुसरे पंच यायची वाट बघत होतो.

तोवर गावातली माणसं टेम्पो करून ठाण्याच्या दारात हजर. त्यातला एक पुढारी आत डोकावून म्हणाला, “साहेब, अटक कवा करून राहिले? का वरून फोन आला?”

“वरून उन्ह आलंय,” मी म्हटलं. “सावलीला बसा आणि मला काम करू द्या.”

चहा मागवला. सरांना दिला, बापाला दिला. बापानं घेतला नाही. बाकावर बसून तो सरांकडे एकटक बघत होता. त्या नजरेला नजर देणं मलाही जड गेलं असतं. सरांनी कप दोन्ही हातांत धरला होता.

आणि टेबलावरचा मोबाईल वाजला.

तिघांनीही बघितलं. स्क्रीनवर नाव आलं, ‘सर’. खाली मजकूर, ‘उत्तर का देत नाहीस? उद्या फोटो ग्रुपवर टाकतो.’

सर माझ्यासमोर बसलेले. त्यांचा मोबाईल पाकिटात, पाकीट माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

बापाला वाचता येत नव्हतं, पण ती दोन अक्षरं तो ओळखत होता. एकदा स्क्रीन बघितली, एकदा खुर्चीतला माणूस बघितला. “साहेब,” तो म्हणाला, “सर हितं हायेत. मंग ह्यो कोन?”

सकाळपासून धीर धरून बसलेले सर तेव्हा कोसळले. लहान लेकरागत हुंदके देऊन रडायला लागले, चहा हिंदकळून पँटवर सांडायला लागला. मेंढपाळ उठला, त्यांच्या हातातून कप अलगद काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. माझ्या पाहण्यातली ती सगळ्यात मोठी माफी, कुणी कुणाची मागितली ते मला आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. वापरात नसलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. बहुतेकांना हे माहीत नसतं. तो नंबर आता वसमतला हळदीच्या आडतीवर काम करणाऱ्या एका तरुणाच्या नावावर होता. आमच्या पथकानं त्याला आडतीवरून उचलला. मला वाटलं होतं, कुणी तरबेज भामटा असेल. समोर आला तो विशीतला पोरगा, नखांत हळद.

मी त्याच्यावर हात उगारला नाही. त्याची गरजही पडली नाही. फक्त विचारलं, “तू सर कवापासून झालास रे?”

मान खाली घालून तो नखांतली हळद खरवडत राहिला. मग म्हणाला, “सिम चालू केलं अन् ग्रुप आपोआपच आला साहेब. जुना नंबर कुनी काढलाच नवता. लेकरं ग्रुपवर न्हाई, मला एकट्यालाच गृहपाठ पाठवू लागली. मी म्हनलं, राँग नंबर हाय, मी सर न्हाई. तर म्हनतेत, सर गंमत करू नका.”

“मग?”

“मंग एक दिवस मस्करीत एकेकाला लिहिलं, उद्याची कविता पाठ करा. सगळ्यायनं ‘हो सर’ लिहिलं. मला जिंदगीत कुनी हो म्हनलं न्हवतं साहेब. फोटो पाठवा म्हनलं, तर पाठवले. कुनी इचारलंच न्हाई, काहून.”

त्याच्या मोबाईलमध्ये शाळेतल्या आणखी मुलींचे फोटो निघाले. बाकीच्या घरांत पत्ताच नव्हता. पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अटक झाली, दोषारोपपत्र गेलं, खटला चालला, शिक्षा झाली. ‘कुणी विचारलंच नाही’ हा त्याचा बचाव नव्हता आणि मी तो होऊ दिला नसता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कागदोपत्री गुन्हा उघडकीस आला. महिला अंमलदार मात्र खट्टू होती. म्हणाली, “साहेब, आरोपी सापडला, पण पोरगी घरीच हाय. चुलत्यानं स्थळ आणलंय म्हणे.”

मी त्या मेंढपाळाच्या तळावर गेलो. एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. जाळीचं कुंपण, बाजूला पाल, पालाजवळ तीन दगडांची चूल. बसायला काही नव्हतं म्हणून त्यानं तेलाचा रिकामा डबा उपडा घातला. मी बसलो तसा डबा मचकन चेपला आणि मी खाली. पालाच्या आडून मुलगी फिस्सकन हसली. लगेच गप्पही झाली.

“पोरीचं लग्न लावलं तर मला यावं लागेल,” मी कपडे झाडत म्हटलं. “आणि मी वऱ्हाडी म्हणून येणार नाही.”

“लग्नाचं राहू द्या साहेब. पर शाळा बास. चूक झाली तिची.”

“काय चूक?”

“फोटो काहून पाठवला?”

त्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा होता. मी विचारलं, “हा रंग कशाला?”

“वळखू यावं म्हनून. दोन कळप मिसळले की लागतो.”

“समजा, दुसऱ्याच्या मेंढीला कुणी असाच रंग लावून तुमच्यात सोडली. न्याल घरी?”

तो हसला. “रंग बगून कोन नेतंय साहेब? तोंड वळखतो आमी एकेकीचं.”

“आणि ज्याला तोंड दाखवलंच नाही, नुसता रंग दाखवला, तो फसला तर?”

त्यानं जवळच्या मेंढीच्या पाठीवरचा लाल पट्टा बोटानं घासून बघितला.

तेवढ्यात पालाआडून मुलगी बाहेर आली. कडेवर करडू. जबाब देतानाही ती एवढं बोलली नव्हती. “साहेब,” म्हणाली, “मला वाईट वाटलं होतं तवाच. इचारावं वाटलं. पर सरला कसं इचारायचं? सरला उलटं कुनी बोलतं का?”

आपणच पोरांना शिकवलेलं असतं, सरांचं ऐकायचं. तिनं ऐकलं, आणि जिथे नाही ऐकलं तिथे एकटीनं धमक्या सोसल्या. असल्या लेकराला चूक म्हणणारे आपण कोण? मला खरंच राग आला होता, आणि तो मी तिच्या बापापासून लपवला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच संगणक खोलीत मुलांची सभा घेतली. सरांनी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. मी म्हटलं, आधी हा तास घ्या, मग अर्ज द्या. ते उभे राहिले तेव्हा एकाही मुलीनं वर बघितलं नाही. त्यांनी वर्गाचा ग्रुप मोठ्या टीव्हीवर दाखवला आणि एकेका नंबरवर बोट ठेवून विचारलं, हा कुणाचा? बरेच नंबर कुणाचेच निघाले नाहीत. ग्रुपच्या ज्या खोलीत ही मुलं रोज गृहपाठ टाकत होती तिथे अनोळखी माणसं बसलेली होती, आणि दार उघडं ठेवणारे आपणच. ते सगळे नंबर तिथल्या तिथे काढले.

मग त्यांनी फळ्यावर स्वतःचा नवा नंबर लिहिला. खाली लिहिलं, ‘या नंबरवरून आलं तरी विचारल्याशिवाय मानू नका. फोटो तर कुणालाच नाही. मलाही नाही.’ वळून म्हणाले, “मला उलट विचारलंत तर मी रागावणार नाही. नाही विचारलंत तर रागावेन.” मागच्या ओळीत ती मुलगी बसली होती. बापानं स्वतः आणून सोडली होती. तो दाराबाहेर काठी टेकून उभा होता. सरांनी तो अर्ज काही दिला नाही.

नोकरीत मी चोऱ्या, मारामाऱ्या, खून, सगळं हाताळलं. आरोपी बहुतेक वेळा कुलूप तोडून आत येतो. इथे त्याच्यासाठी आपल्याच माणसानं प्रेमानं, स्वतःच्या हातानं नाव लिहून ठेवलं होतं. स्क्रीनवरचं नाव माणसाचं नसतं, आपल्या भरवशाचं असतं. मुलांना टॅब द्या, टीव्ही द्या, पण त्याआधी त्यांना मोठ्या माणसांना उलटून ‘काहून?’ विचारायची मुभा द्या, एवढंच मी या गुन्ह्यातून शिकलो.

निवृत्त झालो तेव्हा सरकारी सिम जमा केलं, नवा नंबर घेतला. मध्यंतरी सहज त्या मेंढपाळाची आठवण आली म्हणून फोन लावला. मुलीनं उचलला. आवाज आता मोठ्या मुलीचा वाटत होता.

“पोरी, मी साहेब बोलतोय. ओळखलंस का? काय शिकतेस आता?”

“कोनते साहेब?”

मी नाव सांगितलं, ठाणं सांगितलं.

“नाव कुनीबी सांगतंय,” ती म्हणाली. “आमच्या तळावर आलते तवा तुमी कशावर बसले होते?”

“तेलाच्या डब्यावर.”

“मंग काय झालं?”

“चेपला. मी पडलो. आणि तू हसलीस.”

मग ती तशीच फिस्सकन हसली आणि म्हणाली, “आता बोला साहेब. बारावीला हाय मी.”