ळ नसलेली शाळा

आमची झाशीला बदली झाली ती दिवाळीनंतर, शाळांचं वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना. दोन-तीन शाळांत जाऊन आलो. सगळ्यांनी नम्रपणे सांगितलं, आता एप्रिलमध्येच या. मुलगी सहा वर्षांची. एप्रिलपर्यंत ती घरात नुसती उड्या मारणार, तर मी म्हटलं, मीच शिकवते. नवरा म्हणाला, "शिकव की." त्याला काय, तो सकाळी रेल्वेच्या ड्यूटीवर जायचा तो दुपारी जेवायलाच उगवायचा.

सीपरी बाजारात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण. सारी गल्ली तिला चाची म्हणायची, म्हणून आम्हीही. तिला विचारून मी स्वयंपाकघराच्या दाराला आतून काळा रंग दिला आणि खडू आणले. झाला फळा. तिथे उभं राहिलं की एक डोळा कुकरवर आणि एक मुलीवर ठेवता यायचा. गल्लीतली बाकीची मुलं टाय लावून 'स्कूल'ला जायची. आपल्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी तिला सांगून ठेवलं होतं की त्यांचं ते स्कूल आणि आपली ती शाळा. स्कूल कुठेही असतं, शाळा फक्त आपल्याच घरात आहे. हे तिला इतकं पटलं की स्कूलमधल्या मुलांची तिला कीव यायला लागली.

अडचण एवढीच होती की तिला ळ म्हणता येत नव्हता. दिवसभर चाचीच्या नातवंडांत खेळून तिच्या जिभेने बुंदेलखंडी वळण घेतलं होतं. त्या बोलीत ळ नाही, आणि शचाही स होतो. नळाचा नल झाला, केळ्याचा केला झाला, तिथपर्यंत ठीक होतं. पण शाळेचं जे होत असे ते हिंदी प्रदेशात चारचौघांत उच्चारण्यासारखं नव्हतं. शाळेचा साला होत असे.

होळीच्या आधीच्या एका सकाळी मी ठरवलं, आज फक्त ळ. नळाला पाणी आलेलं, वॉशिंग मशीन खडखडतंय, मी पोळ्या लाटतेय आणि मुलगी ओट्यापाशी स्टुलावर बसलेली.

"जीभ मागे दुमड. टाळूला लाव. आता सोड."

तिने दोन बोटं तोंडात घालून जीभ हाताने दुमडून बघितली. मग माझ्या तोंडात बोटं घालून माझी तपासली. कणकेच्या हातांनी मला तिला अडवता येईना.

"तुझी जीभ जास्त लांब आहे," तिने निदान केलं. "म्हणून तुला येतं."

"बरं, म्हण. शाळा."

"साला."

"पोळी."

"पोली. आई, जली."

पोळी खरंच जळली होती. भाषा सोडून मी गणिताकडे वळले. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावून गॅलरीत वाळत घालायचे, आणि किती जोड्या झाल्या ते येऊन सांगायचं. मोज्यांची बादली घेऊन ती गॅलरीत गेली. खाली अंगणात चाची मटार सोलत बसली होती. त्यांचं काहीतरी बोलणं चाललेलं मला मशीनच्या आवाजात ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. ते मला नंतर चाचीकडून कळले. तिने सहज विचारलं होतं, "काए बिटिया, आज खेलने नहीं आईं?"

"मम्मी आने नहीं देगी. घर में साला है."

चाचीने हातातली शेंग खाली ठेवली. नवऱ्याचा साला म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणजे माझा भाऊ आलाय, असं तिने धरलं. "अच्छा? कब से?"

"दिवाली के बाद से."

इतके दिवस वर एक पुरुष राहतोय आणि आपल्याला पत्ता नाही, याचं चाचीला फार वाईट वाटलं. "करता क्या है?"

"पढ़ाई. गिनती भी."

"और सादी हो गई उसकी?"

मुलीला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटला. "साले की सादी थोड़ी होती है," ती म्हणाली आणि मोजे वाळत घालायला लागली.

चाचीचा धाकटा भाऊ लक्ष्मी गेटला राहायचा. भांड्यांचं दुकान होतं आणि मुलगी लग्नाची होती. चाचीने तिथूनच त्याला फोन लावला.

मी डाळीला फोडणी घालत होते तेव्हा दोघं जिना चढून आली. चाचीच्या हातात पेढ्यांचा डबा. मागे इस्त्रीचा सफारी घातलेले एक गंभीर गृहस्थ. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. वाटलं, होळीच्या वर्गणीचं काही असेल.

"भैया घर में नहीं हैं?" गृहस्थांनी विचारलं.

इथे कुणाच्याही नवऱ्याला भैया म्हणतात. मी म्हटलं, "ड्यूटी पे गए हैं. खाने पे आएँगे."

"ड्यूटी?" त्यांनी चाचीकडे पाहिलं. "नौकरी में हैं?"

"जी, रेलवे में."

गृहस्थांचा चेहरा उजळला. कुणी रेल्वेत आहे याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी वय विचारलं, मी सांगितलं. ते जरा विचारात पडले, मग म्हणाले की तेवढं चालतं. कुणाला चालतं ते मला कळलं नाही. मग त्यांनी स्वभाव कसा आहे असं विचारलं. मला वाटलं, चाची भाडेकरूंची चौकशी करून घेतेय. म्हणून मी खरं ते सांगितलं. स्वभावाने चांगले आहेत, कुठलं व्यसन नाही, जरा विसरभोळे आहेत, आणि ओला टॉवेल गादीवर टाकतात.

"हमारी बिटिया संभाल लेगी," गृहस्थ समजुतीने म्हणाले आणि खिशातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. गुलाबी साडीतली एक गोड मुलगी गुलाबाच्या कुंडीशेजारी उभी होती. "आपको कोई एतराज़ तो नहीं?"

मी त्या फोटोकडे बघत राहिले. आत फोडणीचा वास करपट व्हायला लागला होता. एक परका माणूस माझ्याच घरात बसून माझ्या नवऱ्यासाठी आपली मुलगी सुचवत होता, शिवाय मला विचारूनच करू म्हणत होता. मनात आलं, इथली काही रीत असेल का? मग आलं, चाचीला आमच्यात काही बिनसलेलं दिसलं का? रागवायचं तर त्यांच्या वागण्यात रागवण्यासारखं काही नव्हतं.

"लेकिन भाईसाब," मी शेवटी म्हटलं, "मैं तो हूँ ना."

"आप तो रहेंगी ही," ते म्हणाले. "आप तो घर की बड़ी हैं."

आता मात्र मी उभी राहिले. "मेरे पति की दूसरी शादी करवा रहे हैं आप?"

गृहस्थ इतके दचकले की पेला कलंडला. "पति? हम तो आपके भाई की बात कर रहे हैं!"

"मेरा कोई भाई नहीं है. हम तीन बहनें हैं."

चाची हळूहळू गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडे वळली. "काए री, तूने कहा ना, घर में साला है?"

"है ना," मुलगी म्हणाली. तिने गृहस्थांचं बोट धरलं, त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून त्यांच्यासमोर उभं केलं. "ये है."

काळ्या दारावर मोठ्या अक्षरांत ळ लिहिला होता. खाली एक केळं काढलं होतं. गृहस्थांनी चष्मा लावला, दार वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ये कौन-सा अक्षर है?"

मी डाळ उतरवता उतरवता सगळा उलगडा केला. चाचीने पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय ते कळेना, मग खांदे हलायला लागले. गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांना त्या अक्षराची खरंच उत्सुकता वाटत असावी, कारण मुलीने स्टूल पुढे सरकवलं तेव्हा ते सफारी सावरून त्यावर बसले.

"बोलो, साला," मुलगी म्हणाली.

"शाला."

"ऐसे नहीं. जीभ मोड़ के."

त्यांनी जीभ दुमडली. "शाड़ा."

"आई, हे बरोबर आहे का?"

"जवळ आलेत," मी म्हटलं.

मुलीला ते सहन झालं नाही. तिने त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा शाड़ा झालं, आणि हे चालू असतानाच माझा नवरा जेवायला आला. जिन्यात परक्या चपला, हॉलमध्ये डोळे पुसणारी चाची आणि पेढ्यांचा डबा, स्वयंपाकघरात स्टुलावर जीभ बाहेर काढून बसलेले एक गृहस्थ. त्याला पाहताच ते उठले, हात जोडले, आणि बहुधा सवयीनेच त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हे कोण?" नवऱ्याने मला मराठीत विचारलं.

"तुला बघायला आलेत," मी म्हटलं. "पण वय जरा जास्त वाटलं त्यांना. जेवायला बस."

मी सगळ्यांनाच पानावर बसवलं. डाळ करपलेली होती, पण गृहस्थांनी दोनदा मागून घेतली. जाताना फोटो मात्र परत नेला नाही. म्हणाले, ऑफिसमध्ये कुणी असेल तर बघा. नवऱ्याने तो खरोखर जपून ठेवला, पण त्याचा उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात त्या मुलीचं सागर शहरातल्या एका मुलाशी ठरलं. आम्हीही लग्नाला जाऊन आलो. आमच्या मुलीला ळ पावसाळ्यात कधीतरी आपोआप आला. कुठल्या दिवशी, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी तो कधी दाढी करत नाही. त्या दिवशी त्याने केली, आणि बराच वेळ आरशासमोरून हलला नाही.