डाव्या बाजूची पायरी

गाडी मी घेत होते, माझ्या पगारावर. पण तिच्यात वरचं काय काय बसवायचं ते आबा ठरवणार, अशी त्यांची अट होती. अट मान्य असेल तरच ते गाव सोडून माझ्याकडे बीडला राहायला येणार होते.

आबा म्हणजे माझे वडील. मी एकुलती, नवरा नांदेडला बदलीवर आणि आई जाऊन वर्ष उलटलेलं. आमचं गाव नांदूरघाटाच्या पलीकडं. त्या उन्हाळ्यात तिथं माणसांपेक्षा टँकरची वाट बघत रांगेत ठेवलेल्या घागरीच जास्त दिसायच्या. आबा जन्मभर गावच्या दूध संस्थेचे सचिव. जनावरं चारा छावणीला गेली, दूध येईनासं झालं, संस्थेला कुलूप लागलं. तरी हा माणूस पहाटे उठून संस्थेच्या ओट्यावर जाऊन बसायचाच. शेजारीण फोन करून सांगायची, "तुमचे आबा दुपारपत्तोर तिथंच बसून ऱ्हात्यात बघा, पाणीबी पेत न्हाईत." एक दिवस ते त्या ओट्यावरच जातील आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही, ही धास्ती मी घेतली होती. त्यांना बीडला आणायचं म्हणजे आणायचंच, एवढं मी धरून बसले होते.

आबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "लेकीच्या घरी पाव्हणं म्हणून जावं, ऱ्हायला न्हाई." हे मुळात आईचं बोलणं. ती माझ्याकडे कधी एका रात्रीच्या वर राहिली नाही. सकाळी चहा झाला की पिशवी घेऊन दारात उभी. कितीदा भांडले मी तिच्याशी यावरून! मग त्या चैत्रात आबा अचानक तयार झाले. का, ते मी विचारलं नाही. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, आता नसते फाटे कशाला फोडा, असं म्हणून गप्प बसले.

शोरूममध्ये जाताना माझ्या मनात माझी हौस होती. गाडी मागे घेताना दिसायला कॅमेरा, मागं काही आलं की वाजणारा सेन्सर, आणि गाणी ऐकायला चांगले स्पीकर. शाळेत दिवसभर गणित शिकवून डोकं उठतं माझं, निदान येता-जाता गाणी तरी हवीत. निळा कोट घातलेली एक तरुण मुलगी आमच्यासमोर बसली आणि तिनं आबांना विचारलं, "घरातले बसणारे किती जण, काका?"

"तिघं," आबा म्हणाले. मला वाटलं, जावयाला धरून म्हणताहेत.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. "डाव्या बाजूला पायरी लागंल. गाडी लई उंच हाय, तिचे गुडघे वाकत न्हाईत. वर धरायला कडी मजबूत बघून द्या. सीटला कापडी कव्हर घाला, त्या रेक्झिननं पाठ भाजती. खिडकीला पडदा पायजेच. आन ते वासाचं काय असतं ते आजिबात बसवू नका, तिला गाडी लागती."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला गाडीही लागत नाही. डाव्या बाजूची पायरी, कापडी कव्हर, पडदा, कडी... एकेक वस्तू आईच्या मापाची होती.

"आजींना आणायचं होतं ना. बसून बघितलं असतं त्यांनी," ती मुलगी म्हणाली.

"आलीय की. भायेर थांबलीय. तिला एसी मानवत न्हाई."

मी काचेतून पाहिलं. टळटळीत दुपार, तापलेला रस्ता, कडेला झाडाचा वाळका खुंट. चिटपाखरू नव्हतं. मुलीनं मात्र पटकन पाण्याचा ग्लास भरला, बाहेर नेला आणि थोड्या वेळानं रिकाम्या हातानं आली. "दिसल्या नाहीत. सावलीला गेल्या असतील. ग्लास कट्ट्यावर ठेवलाय." आबांनी मान हलवली. कॅमेरा आणि सेन्सर तेवढा मी कसाबसा सांगितला. गाण्यांचं विसरूनच गेले.

निघताना कट्ट्यावरचा ग्लास पाहिला. रिकामा होता, आणि पालथा घातलेला. पाणी पिऊन झालं की भांडं पालथं घालायची सवय आईला होती. असेल कुणी वाटसरू, तहानलेला, मी स्वतःला समजावलं. तशी सवय आईला एकटीलाच थोडीच होती?

रिक्षात बसल्यावर मात्र मला राहवेना. "आबा, तुमी कावून असं बोलायलात? आई गेली."

"मला म्हाईत हाय. म्याच अग्नी दिला." आवाज अगदी शांत. भ्रमिष्टासारखं बोलले असते तर मी डॉक्टरकडे तरी नेलं असतं. "आखितीला ती पाण्याला यील. आपलंच घर हुडकत यील. घराला कुलूप दिसल्यावर कुठं जाईल, सांग? तिला संगं घेतल्याबिगर म्या येत न्हाई."

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचा करा भरतात. करा म्हणजे छोटं मडकं. गव्हाच्या राशीवर पाण्यानं भरलेला करा ठेवायचा, त्यात वाळा टाकायचा, तोंडावर आंबा ठेवायचा. गेलेलं माणूस त्या दिवशी घरी पाणी प्यायला येतं म्हणतात. भर उन्हाळ्यातला सण तो, तहानेचाच. आबांनी सगळा विचार करून ठेवला होता. आई पाण्याला आली की तिला तशीच गाडीत बसवायची आणि बीडला न्यायची. त्यासाठी पायरी. मी भांडायचं ठरवलं होतं, पण ओट्यावर एकटे बसलेले आबा डोळ्यांपुढं आले आणि मी हो म्हणाले.

अक्षय्य तृतीयेला मी नवी कोरी गाडी घेऊन गावी गेले. आबांनी टँकरच्या पाण्याला हात लावला नव्हता. "ते कुठल्या गावचं, काय म्हाईत. तिला वळखू यायला पायजे." सकाळपासून ते नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यापाशी बसून वाटीनं पाणी काढत होते. करा नवा होता, काठोकाठ भरला. पूजा झाली, पुरणाचा नैवेद्य दाखवला, आंब्यावर हळदकुंकू वाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. आबांनी घराला कुलूप घातलं नाही, नुसती कडी लावली.

गाडी वळवायला मी मागे घेतली आणि सेन्सर वाजायला लागला. आधी सुटा सुटा, मग जवळ जवळ, मग सलग. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. रिकामं अंगण, गोठ्याची ओस दावण, पांढरं ऊन. एवढंच. माझी स्वतःची हौस म्हणून बसवलेला सेन्सर तो! सेन्सरवर धूळ बसली असेल म्हणून मी उतरायला गेले.

"थांब," करा घेऊन बाजूला उभे असलेले आबा म्हणाले. "ती यायलीय. गुडघ्यानं सावकाश चालती, म्हाईत हाय ना तुला?"

मी ब्रेकवर पाय दाबून बसले. मागचा आवाज थांबला. आबांनी पुढचं डावं दार उघडलं, करा सीटवर ठेवला आणि स्वतः मागं बसले. लगेच पट्टा लावायची सूचना वाजू लागली. कऱ्याचं वजन होतं ना, मला हायसं वाटलं. निदान या आवाजाला कारण होतं. आबांनी मागून वाकून कऱ्याला पट्टा बांधला.

वाटेत खिडकीचा पडदा ओढलेला होता, तरी मधेच हलायचा. मांजरसुंब्याचा घाट उतरताना वळणावर मी डाव्या हातानं करा धरायला गेले, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तिनं धरलाय." मी हात मागं घेतला. पुन्हा तिकडं बघायची माझी छाती झाली नाही.

घरासमोर थांबल्यावर आबांनी पट्टा सोडला आणि करा उचलला. निम्मा रिकामा होता. मी सीटवर हात फिरवला. कव्हर कोरडं खडखडीत. नवं मडकं पाणी पितं, वरून हे ऊन, मी मनात म्हटलं. गणिताच्या बाईला एवढं तर कळतं. आबा फक्त म्हणाले, "तहानलेली होती." आणि करा घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले.

गाडी आत घ्यायला मी पुढं सरकवली आणि पट्ट्याची सूचना पुन्हा वाजायला लागली. सीटवर काहीच नव्हतं. मी गाडी बंद करून चालू केली. वाजतच राहिली. सीटवर हात आपटला, तरी वाजतच होती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.

"सेन्सर बिघडलाय, आबा," मी ओरडले.

"बिघडला न्हाई. उतरत न्हाई ती." आबा अजून फाटकाबाहेरच होते. "लेकीच्या दारात आलीय, ती बी ऱ्हायला. आपून होऊन कशी उतरंल? म्या सांगून भागत न्हाई, माय. घर तुझं हाय, तू म्हण. न्हाई म्हणवत तर ऱ्हाऊ दे, संध्याकाळच्या यष्टीनं आमी दोघं माघारी जातो."

ते जातील, हे मला ठाऊक होतं. त्या ओट्यावर जाऊन बसतील. मी गाडीला फेरा घालून डाव्या बाजूला गेले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, आणि गच्चीवरच्या बाईची लाजही. दार उघडलं. आतून वाळ्याचा वास आला.

"आई, उतर," मी म्हणाले. "सावकाश, कडी धर. पिशवी भरून सकाळी दारात उभं राहायचं नाही आता. इथंच राहायचं, तू आणि आबा."

पायरी कुरकुरली. गाडी डाव्या अंगाला जराशी झुकली आणि सावरली. आवाज थांबला. आबा उंबरा ओलांडून आत गेले आणि मला रडू फुटलं.

तरी दार हातात धरून मी तिथंच उभी राहिले. आईला उतरायला नेहमी वेळ लागायचा.

"लाव आता दार, माय," आतून आबांनी हाक दिली. "ती कवाच घरात आली."