सावली सरकली

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावरून एखाद्या माणसाविषयी लिहिण्याचा अधिकार मिळतो, असे मला वाटत नाही. पण या माणसाला तुम्ही पाहिले असते, तर तुम्हीही विसरला नसता.

पाण्याचे भांडे दिसले की तो त्याला उलटा हात लावून पाहायचा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते, तसा. आमच्या परसात आला की बोलण्याआधी हात मडक्याकडे जाई.

"तपलं हाय," तो म्हणायचा.

आई चिडायची. "आमी का कोंबड्या आहोत?"

"कोंबडीले घाम नाही येत, वहिनी. तुमाले येते."

आमच्या गावी, मुर्रीला, आमच्या मागच्याच घरात तो एकटा राहायचा. नवेगाव बांधच्या जंगलात पायावर सागाचे लाकूड पडून पाय वाकडा झाला, तेव्हापासून जंगलचे काम सुटले. एकुलती लेक चोरखमारा गावात दिली होती. लग्नात तिला त्याने एक तांबडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, दिली. सासरी मुंगसाचा उपद्रव, म्हणून ती तलंग बापाकडेच राहिली. अंडी घालू लागली, आणि अंगणातली सारी पिलावळ तिचीच. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिच्या पोटात अंडे आणि रस्सा पडावा, म्हणून या कोंबड्यांनी उन्हाळा काढायलाच हवा होता.

दाणे तो पहाटेच टाकायचा. दुपारी खाल्ले तर कोंबडीच्या अंगात आग होते म्हणे. उन्हाळ्यात अंड्याचे कवच कागदासारखे पातळ येते, म्हणून तळ्यावरचे शिंपले चुरून द्यायचा. आणि कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डाली दिवसभर सावलीबरोबर ओढत न्यायचा. तुम्ही काहीही सांगत असा, "सावली सरकली," म्हणून तो मध्येच उठे. माझे एकही वाक्य त्याने शेवटपर्यंत ऐकले असेल, असे वाटत नाही.

नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला होता. भरदुपारी त्याच्या कोंबड्या चोच वासून, पंख पाडून बसल्या. दोघींनी मान जमिनीवर टाकली. कुंपणापलीकडून शेजारच्या दाजींनी ते पाहिले.

मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. मागे तो आला, तेव्हा गावात कोंबडा आरवायचा थांबला होता. म्हणून नेमच पडला होता: ज्या घरात मानमोडी शिरेल, तिथल्या साऱ्या कोंबड्या दिवस बुडायच्या आत शिवेबाहेर पुरायच्या. दाजींनी आपल्या कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, दाराला दगड लावला आणि चार माणसे नि फावडे घेऊन ते आले. मी कुंपणाशी उभा होतो.

"बुढ्या, काढ बाहेर. मानमोडी हाय."

"ऊन हाय हे. पाय थंड केले की उठतील."

"तुया लेकीपायी गावाच्या कोंबड्या माराच्या का?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "दिवस बुडेवरी थांबा. नाही उठल्या, तर खड्डा मीच खणतो."

माणसे फावड्याशी बसली. त्याने डालींवर ओले तरट टाकले. एकेकीच्या पायांवर पाणी सोडत राहिला. तांबडी मांडीवर धापा टाकत होती. एकाएकी त्याचा हात थांबला.

"दाजी, तुया कोंबड्या कुठी हायेत?"

"खुराड्यात. तुया रोगापासून दूर."

"टिनाच्या? या उन्हात? आवाज नाही येऊन राहिला."

तांबडीला सावलीत ठेवून तो लंगडत कुंपणातून गेला आणि दगड ओढला. आतून भट्टीसारखी वाफ आली. कोंबड्या एकमेकींवर पडल्या होत्या. दाजी फावडे घेऊन तसेच उभे.

"उभा काऊन हायेस? पाणी आण!"

काही वाचल्या, काही नाही. तो परतला तेव्हा तरटाखालच्या त्याच्या कोंबड्या उभ्या होत्या. मान टाकलेल्या दोघीही पाण्यात चोच घालत होत्या. तांबडी मात्र पडली होती. त्याने तिच्या पोटाला उलटा हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

दाजींनी त्याच फावड्याने तिच्यासाठी खड्डा खणला. शिवेबाहेर नाही, स्वतःच्या कडुनिंबाखाली. मानमोडीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

लेक आली, तिला मुलगी झाली. दाजी रोज अंडे आणून उंबऱ्यावर ठेवायचे आणि भांडल्यासारखे ओरडायचे, "हे माह्या कोंबडीचं हाय, तुया कोंबडीचं नाही."

पुढचा उन्हाळा मी परीक्षेमुळे नागपुरातच काढला. नवतप्यानंतर बाबा तांदूळ घेऊन आले. पोते खाली ठेवले आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "त्याले ऊन लागलं, बापू. अंगणातच पडला होता. दाजीले दिसला, तेव्हा संपला होता."

कोंबड्यांचे काय झाले, एवढेच मी विचारले.

"काई नाही झालं," बाबा म्हणाले. "तोच उन्हात होता. डाली साऱ्या सावलीत होत्या."