पल्याडची वाडी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरचे सांगतात आणि कचेरीतलेही सांगायचे. असू दे. त्या उन्हाळ्यात तो कामी आला.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी नगरच्या सरकारी कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि टाकानं रेघ न् रेघ गिरवायची, हे माझं काम. भिंगारहून सायकलवर यायचे. रस्त्यानं माना वळायच्या, पण मी कधी लक्ष दिलं नाही.

तोवर पाण्याचा टँकर कुठं जाणार हे आरडाओरड्यावर ठरायचं. ज्या गावाचा पुढारी मोठ्यानं बोलेल, त्या गावाला पाणी. मग पुण्याहून एक साहेब आले. बारीक आवाजाचे, शिस्तीचे. त्यांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला आणि आम्हाला शिकवलं, की माहिती कपाटात कोंडायची नाही, भिंतीवर दिसली पाहिजे. निळी टाचणी म्हणजे विहिरीला पाणी आहे. पिवळी म्हणजे रोजगाराचं काम चालू. लाल म्हणजे टँकर हवा. आणि तलाठ्यानं कळवल्याशिवाय एकही टाचणी लागणार नाही.

मला पद्धत आवडली होती, खोटं कशाला बोलू? फक्त त्या नकाशावर माझ्या ताईची वाडी नव्हती.

ताईला तिसगावच्या पुढं दिली होती. दोन गावांच्या मधे माळावर पंधरावीस घरांची वाडी. तिथल्या विहिरीनं केव्हाच तळ दाखवला होता. ताईला सातवा महिना लागला होता, आणि ती डोक्यावर एक, कमरेवर एक हंडा घेऊन माळ तुडवत होती. आदल्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुन्हा पाणी वाहिलंस तर हेही जाईल. दाजी खडी फोडायला गेलेले. मी म्हटलं, "आत्ताच चल भिंगारला." तर म्हणते, "आन् मामींनी पानी आनायचं व्हय? त्यांना तर दिसतबी न्हाई." मामी म्हणजे तिची सासू.

मी तडक साहेबांपुढं उभी राहिले. "साहेब, इथं एक लाल टाचणी लावा."

"कोण राहतं तिथं?"

"माझी बहीण."

"मग तर मुळीच नाही," साहेब म्हणाले. "आज तुमची बहीण, उद्या हेडक्लार्कचे व्याही. मग आधी काय वाईट होतं?"

बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त संताप आला. मी जागेवर जाऊन टाक असा दाबला की निबाचे दोन पाय झाले.

पुढच्या आठवड्यात तिसगावच्या शाळेत तलाठ्यांना नकाशावर माहिती भरायला शिकवायचं होतं. मला नकाशे सांभाळायला नेलं होतं. साहेब एकेका गावावर पेन्सिल ठेवून विचारत होते. ताईच्या वाडीच्या जागेवर पेन्सिल आली तशी मी कान टवकारले.

"हे कोणाकडं?"

अलीकडच्या गावचे तलाठी म्हणाले, "ती पल्याडची वाडी, साहेब. आमच्यात येत नाही."

पलीकडच्या गावच्या तलाठ्यांनी मान वर केली. "पल्याडची वाडी ना? आमच्यातपण नाही. नावच पल्याडची."

वाडीच्या दोन्ही अंगांना एकेक ओढा. ह्या गावाला ती त्या बाजूची, त्या गावाला ती ह्या बाजूची. दोघांनीही तिला पल्याड ढकलून दिली होती, आणि दोघांचीही समजूत, की दुसरा कळवतोय. सगळा वर्ग खो खो हसला. साहेबांनासुद्धा हसू आलं.

माझं डोकंच फिरलं. "हसता काय हो? तिथं माणसं राहतात! पोटुशी बाई हंडे वाहतेय, आणि तुम्हाला गंमत सुचतेय?"

साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि म्हणाले, "जीप काढा."

वाडीच्या मधोमध हद्दीचा दगड निघाला. त्याला शेळी बांधलेली होती. घरं दोन्ही अंगाला. साहेबांनी तिथंच एका तलाठ्याच्या गळ्यात वाडी घातली. मग नाव लिहायचं म्हणून ताईलाच विचारलं, कारण त्यांचा नियम होता, की लोक स्वतः जे म्हणतात तेच नाव लागेल. ताई पदर सावरत म्हणाली, "पल्याडची काय म्हनून? ते पल्याड. आमी तर अल्याडच हाय की!"

झालं. साहेबांनी लिहिलं, अल्याडची वाडी. नगरला येऊन मी ते नाव काळ्या शाईत काढलं आणि शेजारी लाल टाचणी खोचली. इतकं झोकदार अक्षर मी माझ्या लग्नपत्रिकेवरसुद्धा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर गेला आणि भरलेला परत आला. ड्रायव्हर वैतागला होता. "बाई, सगळीकडं इचारलं. अल्याडची वाडी म्हून गावच न्हाई म्हनत्यात."

कोण सांगणार? ते नाव वाडीबाहेर कुणाच्या तोंडात नव्हतंच. वाडीतल्यांना आपल्याच वाडीचा पत्ता कशाला विचारावा लागेल? आणि तिकडं माझी बहीण हंडे रचून वाट बघत बसलेली. तिनं संध्याकाळी पुन्हा माळ तुडवला असणार, हे मनात आलं आणि मी तिथंच स्टुलावर बसून रडले. चारचौघांत रडायची माझी ती पहिलीच वेळ.

साहेब माझ्या टेबलापाशी आले. थोडे घुटमळले. "नियम माझा चुकला," म्हणाले. "नाव त्यांच्यासाठी नाही, शोधत येणाऱ्यासाठी लागतं. खोडा." मी ब्लेडनं ते झोकदार अक्षर खरवडलं आणि त्या जागी लिहिलं, पल्याडची वाडी. पुढच्या खेपेला टँकर विचारत विचारत नीट पोचला.

ताईला मुलगी झाली. आठव्या दिवशी मी बघायला गेले तर चांगली गुटगुटीत, आणि आवाज माझ्यासारखा.

ती शाळेत जायला लागली तेव्हा एकदा मी वाडीला गेले होते. वहीवर नाव-पत्ता घालताना ती अडली. "मावशे, आपुन तर अल्याड ऱ्हातो. मंग पल्याडची का ल्ह्यायचं?"

"तू जन्माला यावीस म्हणून," मी म्हटलं.

तिला काय कळलं देव जाणे. चुलीपाशी ताईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "पोरीला कायबाय सांगू नगंस. ल्ही गं तू, पल्याडची."